वाट पाहायची ऐपत : नदीकाठच्या वस्तीतून बीबीए (सीए)पर्यंत, एक प्रकरण अभ्यास

जुलै २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या अभ्यासिकेत एका मुलीच्या प्रवेशावरून दोन शिक्षकांचं चांगलंच वाजलं. मुलीला बारावी कॉमर्सला ७१ टक्के होते. डेक्कनच्या बाजूच्या एका अनुदानित कॉलेजात बी.कॉम.च्या गुणवत्ता यादीत तिचं नाव लागलं होतं आणि पैसे भरायला तीन दिवस होते. तिला करायचं होतं बीबीए (सीए), म्हणजे कॉम्प्युटरवालं बीबीए. त्याची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, मे महिन्यात होऊन गेली होती आणि तिने ती दिली नव्हती. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून ४ ऑगस्टला अतिरिक्त सीईटी ठरली होती, तिचा अर्ज तेवढा आम्ही भरून ठेवला होता.

सरांचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. सर एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे, वस्तीत वीस वर्षं शिकवतायत. ‘एक महिना थांबू’ म्हणणाऱ्या मुली सप्टेंबरमध्ये मॉलच्या बिलिंग काउंटरवर दिसतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ताईचं म्हणणं उलट. मुलगी दोन वर्षं एकच गोष्ट मागते आहे, तिला आपणच ‘झेपेल ते घे’ म्हणायचं, तर मग तिचे मामा काय वेगळं सांगतात?

दोघांचंही खरं होतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं. मुलीची ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत, पण नियम, तारखा आणि योजना आहेत तशा ठेवल्या आहेत.

घर

शिवाजीनगरच्या अंगाला नदीकाठची वस्ती. दहा बाय बाराची खोली, वर पत्र्याचा पोटमाळा. वडील सेंट्रिंगच्या कामावर, पावसाळ्यात निम्मे दिवस घरी. आई चार घरची धुणीभांडी करते. धाकटा भाऊ तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आजोबा १९७२च्या दुष्काळात तुळजापूर तालुक्यातून पुण्यात आले, मातीकाम करत इथेच राहिले. कुटुंब इतर मागासवर्गातलं. घरात दहावी झालेली ही पहिलीच.

तिची शाळा महापालिकेची. नववीचं वर्ष कोविडमध्ये गेलं, घरातल्या एकाच मोबाइलवर, तोही वडील कामावरून आल्यावर हातात यायचा. दहावीला ७६ टक्के मिळाले तेव्हा वस्तीत फ्लेक्स लागला, त्यावर मुलीपेक्षा नगरसेवकपदाच्या इच्छुकाचा फोटो मोठा. ती सायन्सला गेली नाही. गणित कच्चं राहिलंय हे तिला स्वतःला ठाऊक होतं आणि क्लासच्या फीचा आकडाही तिनेच आम्हाला सांगितला. कॉमर्स घेताना ‘पुढे कॉम्प्युटर’ एवढंच तिचं ठरलेलं होतं.

एक जुनं रजिस्टर

पुण्यात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या मुलीला जातीचा दाखला पुण्यातून मिळेल असं कुणालाही वाटेल. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या तारखेला तुमचे पूर्वज जिथे राहत होते तिथला पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१.) आजोबा आले १९७२च्या दुष्काळात. म्हणजे कागद तुळजापूरकडचा हवा.

आजोबा शाळेत गेलेच नाहीत. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली होती, पण तो १९८०च्या दशकातला. गावाकडे कोतवाल बुकात जन्माची नोंद शोधली, ते पान वाळवीने खाल्लेलं. शेवटी आजीला आठवलं की आजोबांचा धाकटा भाऊ गावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक भले निघाले. त्यांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं आणि त्यात १९६१ सालची नोंद सापडली, जातीसकट. प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. आडनावाच्या स्पेलिंगला काही अर्थ नव्हता, कारण तेव्हा गुरुजींच्या कानाला पडेल ते लिहिलं जायचं. पण उताऱ्यातल्या आणि आधारवरच्या आडनावात एक अक्षर वेगळं होतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आलं, वंशावळ आली, सरपंचाचा दाखला आला.

हे सगळं होऊन तिकडच्या प्रांत कार्यालयातून दाखला हाती आला तेव्हा २०२२चा डिसेंबर उजाडला होता. अकरावीचे प्रवेश केव्हाच उरकलेले. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात तिचा अर्ज खुल्या गटातूनच भरावा लागला होता. तिथे आणखी एक खाच असते, ती पालकांना कुणी सांगत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. त्यामुळे पहिली पसंती ‘बघू लागतंय का’ म्हणून भरायची नसते. वस्तीतली बरीच मुलं मैत्रिणीने भरलं म्हणून भरतात, मग दोन बस बदलून जायचं कॉलेज पदरात पडतं आणि दिवाळीनंतर हजेरी गळते. हिने पहिली पसंती पायी जाता येईल अशी भरली. कॉलेज नावाजलेलं नव्हतं, पण बारावीपर्यंत ती टिकली त्यात या अंतराचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

त्याच वर्षी महापालिकेची मौलाना अबुल कलाम आझाद योजनेतली १५ हजारांची मदत तिला मिळाली. खुल्या गटातल्या मुलांना त्यासाठी ८० टक्के लागतात, महापालिका शाळेतल्या, रात्रशाळेतल्या आणि मागासवर्गीय मुलांना ७०. त्यातून एक सेकंडहँड स्मार्टफोन आला आणि उरलेले पैसे घराच्या पत्र्याला लागले. पत्र्याचं ऐकून एका देणगीदाराने नाक मुरडलं होतं. गळक्या पोटमाळ्यावर अभ्यास कसा होतो, हे त्यांनी एकदा जून महिन्यात येऊन बघावं.

बारावीत असतानाच, २०२३मध्ये, जात पडताळणीचा अर्ज भरायला लावला तो सरांनी. मुलीला तेव्हा त्याची गरज वाटत नव्हती, तिच्या ज्युनिअर कॉलेजलाही नाही. पडताळणी होते ती दाखला दिलेल्या जिल्ह्याच्या समितीकडे, म्हणजे धाराशिवला. आई आणि ती स्वारगेटवरून एसटीने गेल्या. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं म्हणून जमलं, नाहीतर वडिलांना एकट्याला पाठवावं लागलं असतं आणि त्यांचा त्या आठवड्याचा रोज बुडाला असता.

सीईटी आली कुठून?

२०२३पर्यंत बीबीए, बीबीए (सीए)ला प्रवेश म्हणजे बारावीचे मार्क आणि कॉलेजची यादी, किंवा फार तर कॉलेजची स्वतःची परीक्षा. २०२४-२५पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांची पहिल्यांदाच सामाईक परीक्षा घेतली. नोंदणी मार्च-एप्रिलमध्ये, बारावीची लेखी संपते न संपते तोच. इंजिनिअरिंगवाल्या मुलांच्या घरी सीईटी हा शब्द नववीपासून फिरत असतो. कॉमर्सच्या मुलांच्या कानावर तो कधी पडलेलाच नव्हता. तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली नाही. ती एकटीच चुकली असंही नाही. राज्यात जागा लाखाच्या वर होत्या आणि मेची परीक्षा देणारे त्याच्या निम्म्याहून कमी भरले. ऑगस्टची दुसरी परीक्षा आली ती यातूनच.

अडवलं ते आळसाने की माहिती नसल्याने, हा प्रश्न आमच्याकडे भेट द्यायला येणारी मंडळी हमखास विचारतात. माहिती फोनमध्ये होतीच की, असंही म्हणतात. फोनमध्ये होती, खरं आहे. पण कुठली माहिती आपल्यासाठी आहे हे सांगणारं माणूस घरात लागतं. ज्या घरात काका इंजिनिअर आणि आतेबहीण सीए करते आहे, तिथे हे काम जेवताना होऊन जातं.

तोडगा

सर आणि ताई यांच्यात चहाचे दोन राऊंड झाले. आईला बोलावलं. आई म्हणाली, “सर, तुम्ही सांगाल तसं. पण वर्ष वाया गेलं तर तिचे मामा स्थळ घेऊन बसलेत, मग माझं कोण ऐकणार नाही.” मुलगी गप्प. ताईने तिला विचारलं तर म्हणाली, “बी.कॉम. करीन की. पण मग कॉम्प्युटरचा क्लास बाहेर लावावा लागेल, त्याचे पैसे कुठनं?” उत्तर नीट विचार केलेलं होतं. हट्ट असा तिने धरलाच नाही. त्यामुळेच सरांचं मन थोडं हललं असावं.

मार्ग काढला तो अभ्यासिकेत इंग्रजी शिकवायला येणाऱ्या एका कॉलेजच्या पोराने. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षासाठी फी परतीचं धोरण जाहीर केलं होतं. ३० सप्टेंबर २०२४पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून. त्याला हे ठाऊक होतं कारण त्याच्या मोठ्या भावाने दोन ठिकाणी प्रवेश घेऊन एक सोडला होता.

माझ्या लेखी या प्रकरणाचा गाभा इथे आहे. कोथरूड-औंधमधली मुलं एक प्रवेश हातात धरून दुसऱ्याची वाट बघतात आणि त्याला कुणी धरसोड म्हणत नाही. वस्तीतल्या मुलीला मात्र आपण, म्हणजे तिचं भलं चिंतणारेच, ‘एक काय ते ठरव’ म्हणतो. तिच्याकडे अडकवून ठेवायला साडेतीन हजार रुपये नसतात, म्हणून तो प्रश्न पडतो. मग ते साडेतीन हजार पुरवणं हे शिकवण्याइतकंच आमचं काम झालं. अभ्यासिकेच्या फिरत्या निधीतून बी.कॉम.ची फी भरली. सरांनी स्वतः जाऊन भरली, पावतीची झेरॉक्स काढली आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्याही तीन प्रती काढून घेतल्या.

जुलै-ऑगस्ट

सीईटीला जेमतेम तीन आठवडे होते. दीड तासाचा पेपर, संगणकावर, आणि सर्वात जास्त वजन इंग्रजीला. बाकी तर्क, सामान्यज्ञान, संगणकाची ओळख. मराठी माध्यमाच्या मुलीला तर्काचे प्रश्न येत होते, प्रश्न वाचायलाच वेळ जात होता. ताईने मग शिकवणं बंद करून फक्त वाचन लावलं. रोज एक इंग्रजी उतारा, घड्याळ लावून, अर्थ मराठीत तोंडी.

दरम्यान कागदांची वेगळीच कथा. राखीव जागेसाठी नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र हवं, त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला हवा. आणि नेमकी जूनअखेर ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली होती. सुरुवातीला तिलाही उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मागितला होता, त्यामुळे सेतू केंद्रांवर पहाटेपासून रांगा. साइट बसायची, उठायची, पुन्हा बसायची. पुढे पिवळं-केशरी रेशनकार्ड चालेल असं झालं तेव्हा गर्दी ओसरली. आईला दोन्ही रांगांत उभं राहायचं होतं, एक स्वतःच्या दीड हजारासाठी, एक मुलीच्या दाखल्यासाठी. चार घरच्या कामांपैकी एक घर तिने त्यात गमावलं. ‘सारख्या सुट्ट्या’ म्हणून बाईंनी दुसरी बघितली.

२५ जुलैला पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आणि वरून पाऊस, असं मिळून नदी वस्तीत शिरली. लोक महापालिकेच्या शाळेत हलवले. तिची पुस्तकं, बिछाना, मिक्सर, सगळं भिजलं. मूळ कागद वाचले, कारण प्रत्येक मुलाची फाइल आम्ही अभ्यासिकेच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवतो. ही पद्धत सरांची, २०१९च्या पुरानंतरची. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून तिने ताईच्या फोनवर उतारे वाचले. ४ ऑगस्टला परीक्षा दिली. गुण फार ग्रेट नव्हते, पण जागा होत्या.

काउंटरवर

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीत तिला इतर मागासवर्गाच्या जागेवर बीबीए (सीए) मिळालं, पेठेतल्या एका कॉलेजात, सायकलने जाण्यासारखं. जागा स्वीकारण्याचे हजार रुपये आईच्या खात्यावर ऑगस्टच्या मध्याला आलेल्या तीन हजारांतून भरले.

बीबीए (सीए) अनुदानित कॉलेजातसुद्धा विनाअनुदानितच चालतं, त्यामुळे फी बी.कॉम.च्या कितीतरी पट. पण ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं होतं. बी.कॉम. या यादीत नाही. सीईटी देऊन कॅपमधून आली म्हणूनच तिला माफी लागू झाली. व्यवस्थापन कोट्यातून आली असती तर तीही नाही. ही गोष्ट जुलैच्या त्या भांडणात सरांनाही माहीत नव्हती, ताईलाही नाही.

काउंटरवरच्या क्लार्कने तरी पूर्ण फी मागितली. “सरकारकडनं पैसे आले की परत देऊ.” सरांनी शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवली. क्लार्क म्हणाला, आमच्याकडे अजून काही आलेलं नाही. सर म्हणाले, “मग ही घ्या, आली.” शेवटी उपप्राचार्यांपर्यंत गेल्यावर महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरायच्या हमीवर माफी मान्य झाली. विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र वगैरे ‘इतर शुल्क’ मात्र भरावंच लागलं. ‘मुलींना मोफत’ असं वर्तमानपत्रात वाचून आलेल्या आईला ते समजावणं क्लार्कला समजावण्यापेक्षा अवघड गेलं.

बी.कॉम.चा प्रवेश सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रद्द केला. लायब्ररीचं ‘नो ड्यूज’ आणा म्हणाले, तिने तर लायब्ररीचं कार्डसुद्धा काढलेलं नव्हतं. मूळ दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला, पैसे दिवाळीनंतर.

पडताळणीचं प्रमाणपत्र तोवर आलेलं नव्हतं, समितीने त्या एका अक्षरावर त्रुटी काढली होती. अर्जाची पोच आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र यावर प्रवेश टिकला. प्रमाणपत्र २०२५च्या सुरुवातीला आलं. बारावीत अर्ज केला नसता तर पोचसुद्धा नसती आणि जागाही नसती.

पुण्याची असल्याचा तोटा

इतर मागासवर्गातल्या मुलांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास, निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार. अनुसूचित जातींसाठीच्या स्वाधार योजनेचीच ही बहीण. दोन्हींत अट अशी की विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा. विद्यार्थी सहायक समितीसारखी पुण्याची जुनी, नावाजलेली वसतिगृहंही ग्रामीण भागातल्या मुलांसाठी उभी राहिली. ते योग्यच होतं आणि आहे. खेड्यातून आलेल्या पोराला पुण्यात छप्पर नसतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, पाण्याचा नळ सकाळी दीड तास आणि रात्री अकरापर्यंत शेजारचा स्पीकर, याला कागदावर ‘घर आहे’ असं म्हणतात. मुलीने फॉर्म वाचून विचारलं, “ताई, आम्ही तुळजापूरलाच राहिलो असतो तर?” जातीच्या दाखल्यासाठी ती तुळजापूरची, योजनेसाठी पुण्याची.

महापालिकेच्या अण्णाभाऊ साठे योजनेतून बारावीनंतरचे २५ हजार मिळण्याची पात्रता तिच्याकडे होती. ७१ टक्के आणि मागासवर्गाचा दाखला, म्हणजे १९६१च्या त्या रजिस्टरमुळेच. पैसे खात्यावर आले तेव्हा पहिलं वर्ष संपत आलं होतं. कॉलेजचे पैसे लागतात जूनमध्ये आणि मदत येते मार्चमध्ये, ही आमच्याकडच्या प्रत्येक फाइलीची तक्रार आहे. फिरता निधी ठेवावा लागतो तो यासाठी. तो कधीच पुरेसा नसतो.

पहिलं वर्ष

पहिल्या सत्रात दोन विषय राहिले, त्यातला एक सी प्रोग्रॅमिंग. वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप, हिच्याकडे वहीत लिहिलेला कोड. अभ्यासिकेत एक जुना डेस्कटॉप संध्याकाळी सात ते नऊ तिच्या नावावर ठेवला, त्यावरून नववीच्या मुलांशी रोज कुरबुर. दुसऱ्या सत्रात प्रोग्रॅमिंग सुटलं, दुसरा विषय अजून मागे आहे. सरांचं मत आजही बदललेलं नाही. बी.कॉम.ला ती पहिल्या वर्गात असती आणि शिवाय बँकेच्या परीक्षांची तयारी झाली असती, असं ते म्हणतात. कदाचित असतीही.

पुराच्या वर्षी भावाची दहावी झाली होती. ५८ टक्के, अकरावीला प्रवेशही घेतला. आईचं एक घर गेलेलं, पुरात सामान गेलेलं, बहिणीचं ‘इतर शुल्क’ आलेलं, हे सगळं त्याने बघितलं आणि डिसेंबरपासून मार्केटयार्डच्या एका गोदामात पॅकिंगला जायला लागला. पुढच्या वर्षी कॉलेजात नाव राहिलं नाही. घरात कुणी त्याला ‘सोड’ म्हटलं नव्हतं. आमच्या नोंदींत ती यशस्वी प्रवेश आणि तो गळती, अशा दोन वेगळ्या रकान्यांत आहेत. हिशेब मात्र एकाच घराचा आहे, आणि पुढच्या फाइलीत आम्ही भावंडांसाठी एक पान वाढवलं आहे.

सध्या त्याच्यासाठी बारावीचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायचं चाललंय. गोदामाचा मालक परीक्षेच्या दिवसांची सुट्टी देईन म्हणतो, पगार कापून. फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो कॉलेजने अजून दिलेला नाही, सर सोमवारी जाणार आहेत.